मुलगी पाण्यात असते

नव्वदचं दशक संपत आलं असताना मला गोव्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. धारवाडला मी भूगर्भशास्त्र शिकले होते. आता समुद्राच्या तळाचे नकाशे करायचे होते. तोवर मी समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत कारवारला, आणि तोही गुडघ्यापर्यंत.

जुन्या हुबळीत आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "मुलगी गोव्याला कॉलेजात शिकवते."

"असं का सांगता?" मी विचारलं.

"जहाजावर आहे म्हटलं की लोक पुढचं विचारतात. कॉलेज म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

पहिल्या सफरीचे सुरुवातीचे दिवस मी ओकण्यात घालवले. जहाज शेत नांगरावं तसं चालायचं: एका रेषेत जायचं, वळायचं, शेजारच्या रेषेने परत यायचं. खाली आवाज सोडायचा, तो तळाला आपटून वर यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची. पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी डोंगर उमटायचे. माणसाच्या नजरेला कधी न पडलेले डोंगर. त्यांच्याकडे बघत आमचे प्रमुख विचारायचे, "चहा आला का?"

मग एके दिवशी केबलला बांधून कॅमेरा खाली सोडला. तो तळाशी पोचेपर्यंत जेवणं उरकली. दिवा लागला आणि दिसला तो चिखल. नुसता सपाट, करडा चिखल. आम्ही कंटाळून गप्पा मारत होतो तेवढ्यात एक समुद्रकाकडी आली. जवळजवळ पारदर्शक, पोटातलं आतडं स्पष्ट दिसणारी, बुटक्या पायांवर सावकाश चालणारी. चिखल खात होती आणि मागे चिखलच टाकत होती. आमच्या दिव्याची तिला काही पडली नव्हती. प्रमुखांचा चहा हातातच निवला. मला का कोण जाणे, रडू आलं.

तिचा फोटो मी घरी आणला. आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "काकडी नासलीय गं."

त्याच सुट्टीत मला बघायला एक कुटुंब आलं. हुबळीच्या बाजारातलेच व्यापारी, मूळचे आमच्यासारखे सांगलीकडचे. मुलगा पोह्यांकडे बघत बसला होता. बोलत होती त्याची आई.

"कॉलेजात काय शिकवतेस?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. खोटं रेटायचं ठरवलं असतं तर जमलं असतं, पण लग्नानंतर महिना महिना कुठे जाते हे कधीतरी सांगावंच लागणार होतं. मी म्हणाले, "शिकवत नाही. जहाजावर असते. समुद्राचा तळ मोजते."

"म्हणजे मासे धरायचं काम?"

"नाही. मासे नाही. जमीन."

"पाण्याखालची जमीन? ती कोण घेणार?"

"सुम्मनिरु," अप्पा माझ्याकडे बघून कानडीत पुटपुटले. गप्प राहा. पण मी आतून फोटो आणला होता. तो हातोहात फिरला. मुलाच्या आईने तो लांब धरला आणि विचारलं, "हे तुम्ही तिथे खाता?"

"आई, ते जिवंत आहे," मुलगा म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

दोन-चार दिवसांनी निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण पाण्यात असते.

मला वाटलं, अप्पा मला बोलतील. ते भराभर जेवले. ताट सारून उठले आणि म्हणाले, "त्यांच्या घरात कोणी काय मोजलंय आजवर? आपल्या नकाशाची एक मोठी प्रत दुकानात लावायला मिळेल का?"

मिळाली. परवानगी काढून मी ती घेऊन आले. अप्पांनी ती काच-फ्रेम करून कुकरच्या वर टांगली. गिऱ्हाइकं ती बघायची आणि पहिला प्रश्न एकच विचारायची: "यात हुबळी कुठाय?" नकाशात जमीन नुसती पांढरी सोडलेली, आमच्या गावाच्या जागी रंगांची सूची छापलेली होती. अप्पांनी अंदाजाने तिथे आईची टिकली चिकटवली.

मग ते समुद्राकडे वळायचे. "हे लाल दिसतंय ना, तिथे खाली आग आहे. आणि ही निळी, थंड जागा."

एकदा मी हजर होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणाले, "अप्पा, रंग खोलीचे आहेत. लाल म्हणजे उथळ, निळं म्हणजे खोल. आगीचा काही संबंध नाही."

त्यांनी कढईवरची धूळ पुसली. "तू तिकडे खरं सांग. इकडे मी सांगतो."

त्या आगीमुळे भांडी जास्त खपली की नाही, माहीत नाही. पण कलघटगीहून बाजाराला येणारी माणसं नंतर मुद्दाम दुकानात डोकावू लागली. माझं लग्न पुढे यथावकाश झालं, संस्थेतल्याच एकाशी. त्याने मला कुठलाच प्रश्न विचारला नाही, कारण त्यालाही तोच चिखल मोजायचा होता.

नकाशा दुकानात लागल्यानंतरच्या सफरीला अप्पा पहिल्यांदाच मला सोडायला स्टेशनवर आले. डब्याच्या दारात तिकीट तपासनीस उभा होता. अप्पांनी त्याला गाठलं आणि छाती काढून, कानडीत, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माझी मुलगी. समुद्राचा तळ मोजायला निघालीय."

तपासनीसाने हातातल्या कागदावरून नजर उचलली नाही.

"बर्थ कुठला?" त्याने विचारलं.