वाकडा कोना

आई गेल्यावर तिची गोधडी माझ्याकडे आली. आज कडुनिंबाचा सुका पाला झटकून ती उलगडली आणि त्या वासाबरोबर त्र्याऐंशीचं राजुऱ्याचं अंगण समोर आलं.

मी नर्सिंग शिकायला नागपूरला निघाले होते. बाबांच्या खाणीतल्या खाकी शर्टाचे आणि आईच्या पांढऱ्या लुगड्याचे चौकोन आम्ही दोघी जोडत होतो. कोन्याला कोना भिडला नाही की आई म्हणायची, ‘उसव.’

माझा शेवटचा चौकोनही वाकडा बसला. मी उसवायला घेतला, तर तिनं हात धरला.

‘राहू दे.’

‘काऊन?’

‘तू इथी नसशीन. अंधारात हात लावला का समजन, हा तुह्या हातचा हाय.’

तेव्हा मला हसू आलं होतं.

बाकीचे चौकोन अजून धड आहेत. तो वाकडा तेवढा हात फिरून फिरून पार विरलाय.