कवडूच्या डोंगरावरचा कापूस

तर तो स्टूल काही स्कूटरवर बसेना. आडवा बांधला तर मागं बायकोला बसायला जागा उरेना, उभा बांधला तर वळणावर त्याचे पाय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटात. काल गोष्ट इथंच राहिली होती. काल जे नव्हते त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की स्टूल कवडू खोब्रागडेचा, नंदनवन वस्तीतल्या त्याच्या फोटो स्टुडिओतला, आणि जायचं होतं खिंडसीच्या तलावावर, रविवारी पहाटे. कवडू चौसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं त्यानं चेहरे काढले. शाळेच्या फॉर्मला, नोकरीला, पासपोर्टला, सोयरीक जुळवायला. झाडाचा, पाण्याचा, डोंगराचा फोटो जन्मात एक नाही. आणि आता पहिलाच काढायचा, तर तयारी अशी की जणू तलावाचंच लग्न आहे.

"अवो, तिथं बसाले दगड नाहीत का?" त्याची बायको पंचफुला दारातून म्हणाली. "स्टूल कायले नेऊन राहिले?"

"दगडाची उंची आपल्या हाती नसते."

"अन् स्टुलाची हाये? मंग बसवा त्याले मागं. मी राह्यते घरी."

या सगळ्याचं मूळ एका पडद्यात होतं. स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर विश्वनाथ पेंटरनं रंगवलेला पडदा टांगलेला असे. निळं तळं, तळ्यात दोन हंस, मागं डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर पांढराशुभ्र बर्फ. विश्वनाथनं बर्फ पाहिला असेल तो गोळेवाल्याच्या गाडीवर, पण रंगवला मात्र सढळ हातानं.

लग्नाच्या चौथ्या दिवशी कवडूनं नव्या नवरीला त्या पडद्यासमोर बसवलं. पंचफुला शेतकऱ्याच्या घरची, कापूस वेचत वाढलेली. तिनं मान वळवून विचारलं, "हे तळं कुठचं हाये?"

पेंटरच्या डोक्यातलं, असं सांगता आलं असतं. पण नवी नवरी पहिल्यांदाच काही विचारत होती. कवडूच्या तोंडून निघून गेलं, "खिंडसीचं. रामटेकजवळचं."

"अन् वरतं पांढरं काय हाये?"

आता आली का पंचाईत! "कापूस," कवडू म्हणाला. "वाळू घातला लोकायनं."

कापूस डोंगरावर कोणी नेतं का, हे कवडूपेक्षा तिला जास्त कळत होतं. पण नवरी होती, गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं आठ दिवस टिकलं, आणि मग अडतीस वर्षं तो कापूस काही घरातून हलला नाही. कवडूला यायला उशीर झाला की, "कापूस वेचाले गेले असान." भाजी आणायला विसरला की, "डोंगरावर राह्यली काय?" आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य, "एक डाव दाखवा, मंग मानीन." दाखवणार कधी? स्टुडिओत सगळ्यात जास्त गर्दी रविवारची. अडतीस वर्षं ते 'पुढच्या रविवारी' राहिलं.

यंदा दिवाळीनंतर पडदा मधोमध फाटला, थेट हंसांच्या मानेतून. स्टुडिओ आता सून बघते, दामिनी. ती म्हणाली, "मामाजी, फ्लेक्स छापून घेऊ. नेटवरून मस्त स्वित्झर्लंड उतरवते."

कवडूला ते लागलं. "काहून? आपलं खिंडसी काय मेलं?"

"मंग काढून आना ना फोटो. चार रविवार देते. चौथ्या सोमवारी छापणाऱ्याले फाईल जाईन. नाही जमलं तं स्वित्झर्लंड."

झालं. कवडूच्या मनात दोन गोष्टींची एकच गाठ पडली. पडद्यावर खरं खिंडसी यावं, आणि त्याच्या माथ्यावर काहीतरी पांढरं दिसावं. म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीची थाप खरी होईल आणि बायकोचं तोंड एकदाचं बंद होईल.

पहिले तीन रविवार तो कॅमेरा न घेताच गेला. त्याचा बाप शेतकरी होता. बाप म्हणायचा, पेरणीआधी रान पाहायला जाशील तेव्हा बी सोबत नेऊ नको, हात शिवशिवतो. म्हणून कवडूच्या खिशात फक्त वही, पेन आणि मनगटावर घड्याळ.

पहिल्या रविवारी पोचायलाच नऊ वाजले. वारा सुटलेला, पाणी विस्कटलेलं, काठावर सहलीची गर्दी. वहीत लिहिलं, 'उशीर.' दुसऱ्या रविवारी सातला पोचला, तर उभा राहिला तिथं सूर्य थेट डोळ्यात. तिथं गोविंदा नावाचा म्हातारा ढिवर मासे धरायचं जाळं झटकत होता. त्यानं विचारलं, "काय हरवलं गा?"

"काही नाही, डोंगर पाहून राहिलो."

"पाह्य निवांत. तो कुठी जात नाही." मग जाळं खांद्यावर टाकत म्हणाला, "त्या पल्याडच्या काठाले ये. पन वारा उठाच्या पह्यले. सव्वाआठ झाले की उठतेच."

तिसऱ्या रविवारी कवडू पलीकडच्या काठावर गेला. पाणी आरशासारखं. टेकडीच्या माथ्यावर एक उघडा खडक होता, एरवी मातकट, कोणी ढुंकून पाहू नये असा. सात पन्नासला त्याच्यावर ऊन पडलं आणि सगळा माथा पांढरा झाला. दहा मिनिटं. मग ऊन खाली उतरलं आणि खडक पुन्हा मातकट. कवडूचे हात खरंच शिवशिवले. बाप बरोबर होता. उभं राहायच्या जागेभोवती त्यानं चार दगड मांडले आणि वहीत लिहिलं, 'सात पन्नास. कापूस.' घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

तर आता राहिला स्टूल. तो शेवटी पंचफुलानं मांडीवर घेतला, पाय वर करून, लेकरू धरावं तसा. कामठी गेली, कन्हानच्या पुलावर थंडीनं दात वाजले, पुढं एका टपरीवर दोघांनी चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, "काकू, एवढा स्टूल घेऊन कुठी?"

"कापूस वाळू घालाले," पंचफुला म्हणाली.

साडेसातला दोघं चार दगडांपाशी. कवडूनं पिशवी उघडली. कॅमेरा, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, काच पुसायला मलमलचं फडकं. स्टँडचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून डब्यांची तीन झाकणं. आणि त्यांच्याखाली, चाळीस वर्षांच्या सवयीनं आपोआप भरलेले, कंगवा, पावडरचा डबा आणि हातआरसा.

गोविंदा तिथं होताच. डबा पाहून म्हणाला, "आता तलावाले पावडर लावता काय गा?"

कवडूनं झाकणं मांडली, स्टँड रोवला, डोळा लावला. पाणी होतं, डोंगर होता, सगळं वहीत लिहिल्याबरहुकूम होतं. तेवढ्यात गुडघे दुखले म्हणून पंचफुला स्टूल घेऊन पुढं गेली आणि डोंगराकडं पाठ करून त्यावर बसली, ऐन कॅमेऱ्यासमोर.

कवडू म्हणणार होता, बाजूला हो. पण समोर स्टूल, स्टुलावर माणूस, आणि तोंडातून निघालं, "हनुवटी जराशी खाली."

"माहा फोटो हाये काय?"

"उजेड पाहून राहिलो. खांदे सरळ."

घड्याळात सात एकोणपन्नास. मग पन्नास. "आता मांगं पाह्य वं," कवडू म्हणाला.

पंचफुलानं मान वळवली. माथा पांढरा झाला होता. ती बघत राहिली. बराच वेळ तिचा अंबाडाच तेवढा कवडूला दिसत होता. मग तिनं तोंड पुन्हा त्याच्याकडं केलं. एक हात गालावर, डोळे मोठे, पदर खांद्यावरून घसरलेला आणि त्याचं तिला भान नाही.

"अवो," ती म्हणाली, "कापूस!"

आणि हसली. अडतीस वर्षं ती त्या कापसावरून त्याला हसत आली होती, पण हे हसू वेगळं. कवडूचं बोट चाललं. एकदा, दोनदा, चौदा वेळा. मग खडक मातकट झाला, पाण्यावर शहारा आला, वारा उठला आणि पलीकडं पहिली नाव सुटली. कवडूनं समाधानानं झाकणं धुतली.

दुपारी दामिनीनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. चौदा फोटो. चौदाही फोटोंत पंचफुला, डोकं बरोबर मधोमध, दोन्ही कान दिसतायत, छातीपासून वर. पासपोर्टच्या अर्जाला एकदम चालतील असे. कानामागं कुठं तरी बोटभर निळा पट्टा, तेवढंच काय ते खिंडसी. माथा नाही, खडक नाही. सवयीच्या हातानं लेन्स फिरवून चेहरा कधी जवळ ओढला, ते कवडूलाही कळलं नव्हतं.

"मामाजी, तळं कुठी हाये? डोंगर?" दामिनीनं कपाळाला हात लावला. "तीन रविवार नुसते पाहाले गेले तुम्ही! उद्या सोमवार. छापणाऱ्याले काय देऊ मी?"

पंचफुला स्टुडिओच्या दारात येऊन उभी होती. कवडूनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि चौदावा फोटो जवळ जाऊन नीट पाहिला. मग सुनेकडं न बघताच म्हणाला,

"दे त्याले स्वित्झर्लंड. डोंगर जिले दाखवाचा होता, तिनं पाह्यला. अन् मले त्या वक्ताले दुसरं काही दिसलंच नाही वं, पोरी."