चुन्याची खूण

ऑर्किड ज्या फांदीवर रुजलं होतं तिच्यावरचा चुन्याचा ठिपका मी घाण समजून खसाखसा धुऊन काढला. मी अंबरनाथच्या कारखान्यातला कारकून, पण साहेबांपुढे झाडांतला जाणकार म्हणून मिरवलो होतो. त्यामुळे त्यांच्या काचघरातल्या दगडी भिंतीसाठी दुर्मिळ झाडं निवडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

झाडं आणायचा बारवीच्या जंगलातला एक ठाकर. तोंड उघडण्याआधी तो प्रत्येक मूळ ओठांना लावून बघे. मला ते पाहून उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटे.

आठवड्यात ऑर्किड पिवळं पडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचे पाहुणे ते बघायला येणार होते. मी ठाकराला निरोप धाडला. तो आला, भिंतीवर नळातून सतत उडणाऱ्या तुषारांत भिजत उभा राहिला आणि त्यानं मूळ ओठांना लावलं.

"चुना कुटं गेला?"

"धुतला."

"ती उगवतीची बाजू व्हती. तुमी फांदी उलटी बांधली, वर दिसभर भिजवली."

त्यानं ऑर्किड सोडवून पंच्यात गुंडाळलं.

"अरे, नेऊ नकोस! भिंत उघडी दिसली तर माझी नोकरी जाईल."

तो दारात थांबला.

"दुसरी नोकरी गावंल, भाऊसाहेब. झाडांची मातर घेऊ नका."