खोटा मासा केवढा?

माणूस एका जागी बसला की किस्से त्याच्याकडे चालत येतात. मी पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, टाकानिनीला मुलाकडे राहते. रविवारी तो आणि त्याचे मित्र मासे धरायला निघाले की मीही घडीची खुर्ची घेऊन त्यांच्यासोबत जाते. मासा काही कुणाला मिळत नाही. किस्से मात्र गाडीत मावत नाहीत!

आधी माणसं सांगते. माझा मुलगा प्रसाद आणि त्याचा दोस्त ठाण्याचा सचिन, दोघंही कंप्युटरवाले. तिसरे परांजपे, इंजिनियर. ते स्वतः शुद्ध शाकाहारी, धरलेला मासा पाण्यात सोडून देईन म्हणतात. अजून सोडायला एकही मिळालेला नाही, ते वेगळं.

हे लोक गळाला आमिष लावत नाहीत, लुअर लावतात. लुअर म्हणजे खोटा मासा. रंगवलेला, चकचकीत, पोटाखाली आकडे. बोटाएवढा, वितीएवढा, हातभर. कुठल्या महिन्यात केवढा लावायचा, यावर जेवणं थंड होतात.

मी एकदा विचारलं, "मोठा मासा हवा तर मोठा लुअर, एवढंच ना?"

"नाही आई. कधीकधी मोठ्या माशालाच छोटा लागतो."

"मग छोट्याला?"

"तोही छोटाच. म्हणजे… सीझनवर आहे."

मी गप्प बसले. त्यालाही कळलं नव्हतं, हे मला तेवढ्यात कळलं.

सून केतकी मात्र गप्प बसणारी नाही. गॅरेजमध्ये लुअरचे डबे इतके साठले की गाडी बाहेर पावसात. तिनं सांगून टाकलं, "प्रसाद, मार्चअखेर घरात एक तरी मासा आला पाहिजे. नाही आला तर रविवार माझे!"

प्रसाद हसला. मी नाही हसले. त्याचे रविवार गेले की माझा समुद्रही गेला. मग आठवडाभर मी, चार भिंती आणि समोरच्यांचं मांजर!

*

गणपतीत मखर सजवायला मला काही सापडेना. गॅरेजमध्ये गेले, डबा उघडला. काय एकेक रंग! लहान पुढे, मोठे मागे, अशी मी लुअरची छान माळ केली.

संध्याकाळी आरतीला मंडळी जमली. सचिनचे हात टाळ्या वाजवतायत, डोळे माळेवर. आरती संपायच्या आत पुटपुटला, "काकू, ही साइजची ऑर्डर बरोब्बर आहे हो!"

मग परांजपे नमस्काराला वाकले. उठताना झब्ब्याच्या बाहीत आकडा अडकला. ओढलं तर मखरच हलायला लागलं.

केतकी म्हणाली, "चला, बाप्पाला तरी काहीतरी मिळालं!"

*

परांजप्यांना वाटलं, लुअर पाण्यात पोहतो कसा ते आधी बघावं. म्हणून बाथटब भरला, स्टुलावर बसले, गळाचा रॉड घेतला. आकडा शॉवरच्या पडद्यात गेला. यांनी जोरात खेचलं. पडदा, दांडी, सगळं अंगावर!

त्यांच्या बायकोचा प्रसादला फोन आला, "भाऊजी, यांना सोडवायला या."

प्रसाद आणि सचिन धावले. पडद्यात गुंडाळलेल्या परांजप्यांकडे सचिननं नीट पाहिलं आणि म्हणाला, "साइज बरा आहे. पण सोडून देऊ या, व्हेज आहे!"

*

सचिननं अमेरिकेतले व्हिडिओ बघून तक्ता केला होता. तिकडे मस्की नावाचा मोठा मासा असतो म्हणे. तक्त्यात होतं, ऑक्टोबरला सगळ्यात मोठा लुअर. म्हणून ऑक्टोबरात आम्ही पोर्ट वायकाटोला, नदीच्या मुखाशी, हातभर लुअर टाकत बसलो.

शेजारी एक माओरी आजीबाई होत्या, गमबूट घालून. कहावाई मासे एकामागून एक काढत होत्या, बोटाएवढ्या चमचमत्या लुअरवर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "किया ओरा," असा नमस्कार केला, आणि मग, "व्हेल?"

सचिननं त्यांना मस्की समजावला. त्या म्हणाल्या, मी इथे जन्मापासून आहे, मला कधी भेटला नाही!

घरी आल्यावर माझी नात ईरा म्हणाली, "डॅडी, ऑक्टोबर इज स्प्रिंग हिअर."

सगळे गार! अमेरिकेचे ऋतू उलटे. त्याच रात्री सचिननं तक्ता सहा महिने पुढे सरकवला. आणि त्याला न सांगता प्रसादनंही, त्याच तक्त्यात, सहा महिने पुढे सरकवला.

पुढच्या रविवारी पुन्हा हातभर!

"दोघांनी दुरुस्त केलं ना? मग चुकलं कसं?" मी विचारलं. मला अजून कळलेलं नाही.

*

संक्रांत झाली होती. इथे तेव्हा ऐन उन्हाळा, तिळगूळ डब्यात चिकटून बसतो. एकदम समोरचं पाणी उकळल्यासारखं झालं. वर पक्षी, खाली कहावाईच कहावाई! मी ओरडले, "अरे, टाका!"

"एक मिनिट काकू, ग्रुपवर पोल टाकलाय. छोटा की मध्यम?"

तिघंही शेजारी शेजारी उभे राहून फोनवर मत देत होते. मध्यम जिंकला. त्यांनी माना वर केल्या तेव्हा पाणी आरशासारखं शांत.

परांजपे म्हणाले, "पण निकाल एकमतानं लागला हो!"

*

मार्चचा शेवटचा रविवार. केतकी पहिल्यांदाच आली, "बघायला" म्हणाली. तिघांचं पुन्हा सुरू. पानगळीत माशांना भूक जास्त, म्हणून मोठा. नाही, पाणी गढूळ आहे, म्हणून अजून मोठा. माझा जीव खालीवर. ओहोटी लागत होती आणि यांचे डबे उघडे!

केतकीनं वाळूत टेकवलेला एक रॉड उचलला. त्याला मागच्या वेळचंच काहीतरी बांधलेलं होतं. तिनं फेकलं. रॉड वाकला, तीही वाकली. "आई, धरा मला!" मी तिची कंबर धरली. आम्ही दोघी वाळूत बसलो आणि कहावाई आमच्यासमोर उडत होता, चांगला माझ्या हाताएवढा!

तिघं टेप घेऊन धावत आले. सचिन ओरडला, "आधी लुअर मोजा, लुअर!"

पण आकड्यासकट लुअर माशानं आत ओढला होता. बाहेर काढला तेव्हा हाती तुकडे आले.

"छोटाच असणार."

"छे, मध्यम!"

प्रसाद खूश. "मासा घरी आला. रविवार वाचले!"

केतकी नुसती मासा धूत होती.

पुढच्या रविवारी भल्या पहाटे हॉर्न वाजला. बाहेर आले तर गाडीत केतकी, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, मागे रॉड, आणि माझी खुर्चीही ठेवलेली. "आई, चला लवकर, भरती निघून जाईल!"

प्रसाद धावत दारात आला, एका हातात रॉड, दुसऱ्या हातात ईराचा दुधाचा मग.

"अगं, आणि मी?"

केतकीनं काच खाली केली. "मासा कुणी धरला?"

"तू."

"मग रविवार कुणाचे?"