इचोड्याचा समुद्र

बातमीदाराकडं दोन ढीग साचतात. एक छापून आलेल्या कात्रणांचा. त्याला वाळवी लागते. दुसरा न छापलेल्या गोष्टींचा. त्याला वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. मी आदिलाबादहून नागपूरच्या एका मराठी पेपरला बातम्या पाठवायचो, आणि डेस्कवरच्या महाभागांनी कात्री चालवून चालवून हा दुसरा ढीग भरपूर वाढवला. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण आज त्यांच्याशी भांडत नाही. आज ढिगाचा एकच कोपरा उपसतो. दादारावचा, आणि त्याच्या समुद्राचा.

*

दादारावचा इचोड्यात फोटो स्टुडिओ होता. हायवेवर, पंक्चरच्या दुकानाला लागून. आत एक स्टूल, दोन मोठे दिवे, प्लास्टिकची फुलं आणि मागं समुद्राचा पडदा. काळे कडे, निळ्या लाटा, कड्यांवर ओळीनं बसलेली पांढरी पाखरं. ट्रकच्या मागं शेरोशायरी लिहिणाऱ्या पेंटरनं तो रंगवला होता. पेंटरनं समुद्र पाहिला नव्हता, दादारावनंही नव्हता. इचोड्याहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र फार लांब! पाखरं मात्र पेंटरनं ओळखीची काढली होती. जवळ जाऊन पाहिलं तर सरळ कोंबड्या!

एकदा नार्नूरकडचा एक म्हातारा बायकोला घेऊन जोडीचा फोटो काढायला आला. पडद्यासमोर उभा राहिला, मागं वळून पाहिलं, आणि दोन्ही हातांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं.

दादाराव म्हणाला, "बाबाजी, धोतर काऊन वर करून राह्यले?"

"वल्लं होईन ना, बापा!"

दादारावनं तसाच फोटो काढला आणि एक प्रत काचेत लावली. त्या दिवसापासून तो पडद्याला पडदा म्हणाला नाही. "समुद्र झटकाचा हाय." "समुद्राले उंदरानं कुरतडलं, भाऊ." ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस बंदराचा मालक आहे!

*

आमच्यात तिसरे वानखडे सर. तलमडुगूच्या शाळेत मास्तर. बोलणं कमी, वाचन जास्त. एके दिवशी ते कुठल्या तरी परदेशी मासिकाचं एक पान घेऊन स्टुडिओत आले. त्यावर खरे समुद्रकडे, आणि कड्याच्या बोटभर कंगोऱ्यांवर अंडी उबवणारी हजारो पाखरं.

दादारावनं ते पान दिव्याखाली धरलं. मग म्हणाला, "सर, लग्नाचे फोटो लय काढले. असा एक तरी काढाचा हाय मले. मराच्या आंधी."

"समुद्र काही इचोड्याले येत नाही, दादाराव," सर म्हणाले. "पण या पाखराचा चुलतभाऊ आपल्या पैनगंगेवर येते. कडे नाहीत म्हणून वाळूवरच अंडे घालते. माय नदीतल्या डांगरवाडीत, टरबुजाच्या मळ्यात, मजुरीले जाये तवा याच पाखरानं माह्यं डोकं फोडलं व्हतं."

पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपूट. पुस्तकात त्याचं नाव नदी सुरय. गावात विचाराल तर नुसतं 'नदीतलं पांढरं पाखरू'.

*

तलमडुगूच्या पलीकडं, पैनगंगेच्या पात्रात, वाळूचा एक उंचवटा होता. भर उन्हाळ्यात आम्ही बैलगाडीनं तिथं गेलो. मी गावात सगळ्यांशी भांडतो, पण त्या पाखरांपुढं मी पहिल्या मिनिटात शरण गेलो. वरून दगडासारखी येत, टाळूजवळून सुंकन जात, आणि जाता जाता शर्टावर आपलं मत नोंदवत!

दादाराव मात्र घरचं कार्य असल्यासारखा. सवयच ती! एक जोडी समोर उतरली तसा तो कॅमेऱ्याला डोळा लावून हळूच बोलू लागला, "नवरीबाई, मान जराशी इकडं... हां... आता नवरदेवानं घास भरवाचा!"

आणि खरंच! नर उडाला, पाण्यातून चांदीसारखी मासोळी घेऊन आला आणि मादीच्या चोचीत दिली.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "आला का फोटो?"

"कशाचा येते, सर! मी पाहातच राह्यलो!"

*

दादारावकडं लांबची लेन्स नव्हती. जवळ जायचं तर लपायला पाहिजे. मग आम्ही कडब्याच्या पेंढ्यांची खोपी केली आणि त्याला आत बसवलं. मी आणि सर लांब, गाडीच्या सावलीत. माझा डोळा लागला असावा.

जाग आली ती खोपीतून आलेल्या हाकेनं. "सर! ओ सर! आपलं घर बैल खाऊन राह्यला!"

गाडीचा एक बैल दावं सोडवून गेला होता आणि छप्पर संपवून भिंतींवर आला होता. दादाराव दोन्ही हातांनी कॅमेरा पोटाशी धरून उघड्यावर बसलेला. वरून पाखरं टोचतायत, बाजूला बैल रवंथ करतोय!

*

त्या पाखरांवर मी बातमी लिहिली. प्रेमानं लिहिली, हे माझ्याकडून क्वचित होतं. 'पैनगंगेच्या वाळूत सुरयाची तीन अंडी' असा मथळा दिला.

पेपर आला. 'पैनगंगेच्या वाळूत सूर्याची तीन अंडी!'

मी ट्रंककॉल लावला. प्रूफरीडर थंडपणे म्हणाला, "साहेब, 'सुरय' असा शब्द नाही. तुमचं शुद्धलेखन आम्ही सुधारलं. आभार नकोत."

आठवडाभर मला इचोड्याच्या बाजारात चहा पिता आला नाही. तलमडुगूच्या एका शेतकऱ्यानं तर थांबवून काळजीनं विचारलं, "भाऊ, एका सूर्यानंच जीव करपून राह्यला. त्या तिघातलं एखांदं फुटलं तं आमचं कसं व्हईन?"

*

आणि मग वाळूचे ट्रक आले. पुलाच्या कामाला वाळू पाहिजे, आणि ठेकेदाराला नेमका तोच उंचवटा पाहिजे! काठाची वाळू संपली की पाळी त्याची. अंडी उबत होती. टायर एकदा फिरला की सगळा संसार सपाट. ठेकेदार म्हणाला, "कौनसे पक्षी? वहाँ कुछ नहीं है."

"फोटो दाखवू," मी म्हणालो.

पण दादारावनं काढून आणलेल्या फोटोत पाखरू दिसेचना. पांढऱ्या वाळूवर पांढरट पाखरू, तेही ब्लॅक अँड व्हाईटमध्ये! दादारावनं डोकं खाजवलं आणि स्टुडिओतून समुद्र आणला. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पडदा लागणारच!

सर कडाडले, "एकदम जवळ लावशीन तं पाखरू अंडे सोडून देईन!" मग त्यांच्या देखरेखीखाली पाखरामागून समुद्र आणि समोरून दादारावची नवी खोपी रोज सकाळी एक-एक हात पुढं सरकवली. पाचव्या दिवशी पाखरू बिनधास्त अंड्यांवर बसलं आणि दादारावला त्याचा जन्माचा फोटो मिळाला. एक एक पीस मोजता येईल असा. मागं कडे, लाटा, सगळं.

मी अर्ज लिहिला, फोटो जोडला आणि मंडल ऑफिसात नेऊन दिला. तहसिली मोडून मंडलं होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, पण कारकून जुन्या तहसिलीतलाच होता. त्यानं फोटो उलटा-सुलटा पाहिला.

"समुद्रम् एक्कड उंदी, सार?"

"काय?"

"फोटोमे समुद्र है. आदिलाबाद जिल्हेमे समुद्र नहीं. लेदु! फोटो दूसरे जिल्हेका है." आणि त्यानं शेरा मारला: दाखल दफ्तर. म्हणजे अर्ज मेला, पुरला, वर माती!

मी तसाच बाहेर आलो. बाहेर दादाराव उभा होता. त्याला सांगितलं, तर चेहरा उजळला.

"म्हंजे समुद्र खरा वाटला ना त्याईले!"

*

मी थेट मंडल अधिकाऱ्यांच्या खोलीत घुसलो. साहेब तेलुगू, नवे, कडक इस्त्रीचे. मी टेबलावर हात आपटला, "खुद चलके मुआयना करो, साब!"

"सोमवार, दस बजे," साहेब म्हणाले.

हे ठेकेदाराला कळलंच. सोमवारी सकाळी सातला त्याचे दोन ट्रक पात्रात उतरले. दहाला साहेबांनी काय पाहायचं? टायरच्या खुणा?

आम्ही तिघं आधीच तिथं होतो. सर वाटेत हाताची घडी घालून उभे राहिले. मी कायद्यावर बोललो, पेपरवर बोललो, घसा फोडला. पुढचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ए पेपरवाले, ये भाषण शहर में देना. बाजू हटो!" आणि त्यानं गिअर टाकला.

दादारावनं दोन बांबू रोवले आणि ट्रकच्या वाटेवर समुद्र आडवा ताणला.

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला.

"ये क्या है?"

"समुंदर."

त्यानं बराच वेळ पाहिलं. "फोटो निकालेगा?"

"उसीके लिए तो लाया!"

ड्रायव्हरनं केस विंचरले. हमाल नदीवर जाऊन तोंडं धुऊन आले. एकेकट्याचा फोटो झाला, जोडीचा झाला, फावडं घेऊन झाला, फावडं टाकून झाला. दुसऱ्या ट्रकवाल्यांनी रांग लावली. मी दादारावच्या कानाशी लागलो, "रोल किती उरला?"

"नऊ व्हते. आठ काढले. तवापासून जिभेनंच टक् करून राह्यलो!" (या सगळ्यांचे फोटो त्यानं पुढं स्टुडिओत बोलावून खरे काढून दिले. तो तसाच माणूस.)

"आणि नववा?"

"असू द्या."

दहाला जीप आली. साहेब उतरले तशी पाखरं त्यांच्या डोक्यावर तुटून पडली. कारकुनानं छत्री उघडली आणि स्वतःच्याच डोक्यावर धरली. साहेब दहा पावलं चालले आणि अकरावं उचललेलं तसंच हवेत राहिलं. बुटाखाली, वाळूच्याच रंगाचं, अंड्यातून नुकतंच निघालेलं ओलं पिल्लू होतं.

त्यांनी पाय हळूच मागं घेतला. फाइल मागितली आणि उभ्या उभ्या लिहिलं. कारकुनानं आम्हाला वाचून दाखवलं, "मौक्यावर पक्षी आढळले. पिल्लं उडेपर्यंत वाळू बंद." त्याखाली अजून एक ओळ होती. "समुद्र आढळला नाही."

ट्रक रिकामे वळले. सर चष्मा पुसू लागले.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष वाटेवर ताणलेल्या पडद्याकडं गेलं. ते त्याच्याजवळ गेले. कडे पाहिले, लाटा पाहिल्या, कोंबड्या पाहिल्या. फाइल कारकुनाच्या हातात दिली आणि बोटांनी भांग नीट करून समुद्रासमोर उभे राहिले.

दादारावनं कॅमेरा उचलला. "साब, थोडी हनुवटी वर..."

"आगंडि, आगंडि!" साहेबांनी हात दाखवून त्याला थांबवलं. मग खाली वाकून त्यांनी इस्त्रीच्या पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. मग दुसरा.