कानामागचं पेन

लॅबमधल्या काकूंची एक खोड होती: पेन कायम कानामागे. स्वयंपाक करताना, भांडताना, पेन तिथंच. लेक म्हणायची, "आई, जन्मालाच पेन घेऊन आलीस का गं?" काकू म्हणायच्या, "हो, आणि तू खोडरबर!"

तान्ह्या बाळांच्या रक्तात विषाणू शोधायचं त्यांचं काम. बाळं त्यांना भेटायची ती नळीत, नंबर लावून. हा विषाणू मोठा लबाड. स्वतःचा मजकूर डीएनएत उतरवून माणसाच्या पेशीच्या डीएनएत खुपसतो. मग एका पेशीच्या दोन होताना ती बिचारी स्वतःच्या डीएनएसोबत त्याचीही नक्कल काढत बसते. काकूंचं यंत्रही नकलाच काढायचं, पण झपाट्यानं: एकीच्या दोन, दोनाच्या चार, बघता बघता लाखो, आणि मग नळी उजळायची. त्यातली एक जरी नक्कल कशाला चिकटून नव्या नमुन्यात गेली, तरी निकाल खोटा. म्हणून नियम कडक. नकलांच्या, म्हणजे यंत्राच्या, खोलीतलं काहीही नमुन्यांच्या खोलीत न्यायचं नाही. काडीसुद्धा नाही.

त्या दिवशी बाहेर बाकावर एक आई बसली होती. तिच्या स्वतःच्या रक्तात तो विषाणू होता. मांडीवरच्या बाळात उतरलाय का, एवढंच तिला हवं होतं. यंत्र थांबलं आणि काकू नळ्या बघायला वाकल्या. बाळाची नळी उजळलेली. आणि शेजारची, पडताळणीसाठी ठेवलेली नुसत्या पाण्याची नळीसुद्धा!

पाण्याला कुठला आलाय विषाणू? म्हणजे बाहेरून काहीतरी शिरलं. एप्रन बदलला होता, हातमोजे बदलले होते. काकूंचा हात कानाकडे गेला. पेन सकाळपासून दोन्ही खोल्यांत मिरवत होतं. "अगं बाई!" म्हणत त्या तडक साहेबांकडे गेल्या.

साहेबांची बोलणी खाल्ली. त्याचं काही नाही. बाकावरच्या आईला सांगणं मात्र कठीण होतं.

"पोरी, आज निकाल नाही. चूक माझी आहे. माझं पेन नको तिथं गेलं."

आईनं विचारलं, "म्हणजे अजून आशा आहे?"

"आहे गं. ठेवलेलं रक्त पुरेल, बाळाला पुन्हा टोचायला नको. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पेन दाराबाहेर राहिलं. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला मुद्दाम विषाणूचा डीएनए घातलेली नळी तेवढी उजळली. पाण्याची गप्प. बाळाची? तीही गप्प!

डॉक्टरांनी आईला सांगितलं: पुढच्या तपासण्या राहिल्यात, पण आत्ता बाळात काही सापडलं नाही. ती हुंदके देतच काकूंकडे निकाल मिळाल्याच्या पोचपावतीचा कागद घेऊन आली. "सही कुठं करू?"

काकूंचा हात सवयीनं कानामागे गेला. "पेनच नाही गं माझ्याकडे," म्हणाल्या आणि त्यांनाही रडू फुटलं.

"मग धरा जरा याला, मी आणते," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी बाळ हातात घेतलं. चांगलंच जड होतं.