मॉस्कोहून आणलेली मेणबत्ती

काल गुलमंडीच्या बाजारात चप्पल शिवणाऱ्यानं दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळलं आणि त्या वासासरशी मी भाईंच्या घरात जाऊन पोचलो.

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. भाई आमच्या कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी. देवधर्म म्हणजे गरिबाला गप्प बसवायची सोय, हे त्यांच्याच पत्रकात वाचून मी वडिलांच्या श्राद्धाला बसलो नव्हतो. तेव्हापासून गावी, करमाडला, आईनं माझ्याशी अबोला धरला होता.

भाई मॉस्कोहून परतले, त्या संध्याकाळी मी त्यांना सभेला न्यायला गेलो. ते आजारी आईच्या उशाशी बसले होते. कोटाच्या खिशातून त्यांनी एक बारीक पिवळी मेणबत्ती काढली.

"माय, तिथल्या चर्चमधी लई गर्दी. म्हाताऱ्या बाया तसबिरीला ओठ लावून रडत व्हत्या. तुझ्यासाठी एक लावली, ही जोडीची आणली."

म्हातारीनं ती हुंगली. "मधावानी वास येतोय रं."

तासाभरानं भाई सभेत सांगत होते, "मॉस्कोतली चर्चं ओस पडलीत. तिकडं कुणी फिरकत नाही." टाळ्या पडल्या.

परतताना मी विचारलं, "भाई, मग ती मेणबत्ती?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती घरातली गोष्ट हाय."

त्या हाताला अजून मेणाचा वास होता. आईसाठी मेणबत्ती लावणारा तो माणूस आज मला आपलासा वाटतो. पण वडिलांचं श्राद्धही घरातलीच गोष्ट होती. ती मी भाईंच्या शब्दाखातर सोडली, आणि आई पुन्हा कधी बोलली नाही.